कोर्लई : किल्ला, भाषा आणि दिवा

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पाठोपाठ वसई-चौल पट्ट्यातली पोर्तुगीज सत्ता संपली, असे आपण वर्गात शिकवतो. वाक्य बरोबरच आहे. पण सत्ता संपली म्हणजे नेमके काय संपले? झेंडा उतरला, शिबंदी गेली, गव्हर्नर गेला. त्या सत्तेच्या आधाराने दोनशे वर्षे जगलेली माणसे कुठे गेली? त्यांची बोली, त्यांची प्रार्थना, त्यांची कामे यांचे काय झाले? पाठ्यपुस्तक येथे थांबते आणि पुढच्या मोहिमेकडे वळते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर रायगड जिल्ह्यातल्या कोर्लई या मच्छीमार गावाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. शाळेच्या सहलीसाठी जागा पाहावी म्हणून आम्ही काही शिक्षक तेथे गेलो. किल्ला आणि दीपगृह पाहून परत यायचे, एवढाच बेत होता. पण गावात आणखी एक ऐतिहासिक वस्तू आहे, ती डोळ्यांना दिसत नाही, कानांनी ऐकावी लागते. किल्ला, ही ऐकण्याची वस्तू आणि दीपगृह अशा तीन पुराव्यांच्या आधारे कोर्लईची गोष्ट येथे सांगत आहोत.

गावाची जागा

अलिबागहून दक्षिणेला रेवदंडा लागते. त्याच्या पलीकडे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. खाडीवरचा पूल ओलांडून साळावला पोचलो, की तेथून कोर्लई जवळच आहे. मुरुड तालुक्यातले हे गाव एका लांबट, अरुंद डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. डोंगर जमिनीपासून निघून थेट खाडीच्या तोंडात शिरतो. पूर्वेला खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला खाडीचे मुख आणि पलीकडे रेवदंड्याचा कोट. जमिनीशी जोड आहे ती फक्त दक्षिणेकडून.

मुलांना नकाशा दाखवून एवढेच विचारावे, “खाडीत येणाऱ्या जहाजांवर लक्ष ठेवायचे असेल तर तुम्ही कुठे बसाल?” बहुतेक मुले बोट याच डोंगरावर ठेवतील. पोर्तुगीजांनीही तेच केले. ते या जागेला ‘मोरो’ म्हणत. मोरो म्हणजे टेकाड.

लक्ष ठेवण्यासारखे येथे होते तरी काय? होते ते चौल बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ‘सेमुल्ला’ म्हणून त्याचा उल्लेख आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल् मसुदी येथे आला, त्याने या बंदराला ‘सैमूर’ म्हटले. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच बंदरात उतरला. १५०८ मध्ये चौलजवळच्या समुद्रात इजिप्त व गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला. पण पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१ मध्ये त्यांनी अहमदनगरच्या निजामशहाकडून रेवदंड्याला किल्ला बांधण्याची परवानगी मिळवली.

पुढे निजामशाहीशी बिघडले. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला मोठा वेढा घातला, तो फसला. १५९४ च्या सुमारास दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरच्या मोरोवर तटबंदी उभारली. या डोंगरावरच्या तोफा खाडीचे तोंड बंद करू शकत होत्या, म्हणजे पोर्तुगीजांचे नाकच दाबले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगीजांनी हल्ला करून डोंगर घेतला आणि तेथे स्वतःचा किल्ला केला.

दगडाचा पुरावा

किल्ला डोंगराच्या आकाराप्रमाणे बांधलेला आहे. जुन्या मोजणीप्रमाणे लांबी सुमारे ८६० मीटर, सरासरी रुंदी मात्र अवघी २७ मीटर. तटांनी त्याचे एकामागून एक कप्पे केलेले आहेत. एक कप्पा पडला तरी पुढचा लढवता यावा, हा हेतू चालताना सहज ध्यानात येतो. आत पोर्तुगीज प्रार्थनामंदिराचे अवशेष आहेत, दगडात कोरलेली चिन्हे आहेत, आणि शंकराचे स्थानही आहे.

वसई पडल्यावर कोर्लईचा टिकाव लागणे कठीण होते. मराठ्यांनी येथेही मोर्चे लावले. अखेर मुंबईकर इंग्रजांच्या मध्यस्थीने बोलणी झाली आणि १७४० च्या तहात चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. त्या बदल्यात मराठ्यांनी गोव्याचा साष्टी प्रांत सोडला. नव्या मालकांनी बुरुजांना नवी नावे दिली. सान दिएगोचा गणेश बुरूज झाला, सान फ्रान्सिस्कोचा पश्चिम बुरूज. सत्ता बदलल्याचे दगडावर दिसते ते एवढेच.

जिभेचा पुरावा

किल्ल्यातली मातबर पोर्तुगीज कुटुंबे निघून गेली. ज्यांना गोव्याला जाऊन नवे घर मांडणे शक्य होते, ते गेले. पण किल्ल्याच्या आसऱ्याने राहणारी सगळीच माणसे काही पोर्तुगालहून आलेली नव्हती. शेतीत राबणारे, किल्ल्यात पडेल ते काम करणारे, बाप्तिस्मा घेतलेले इथलेच गरीब लोक होते. पोर्तुगीज शिपायांनी इथल्या स्त्रियांशी लग्ने केली होती, त्यांची मुलेबाळे होती. यांना जायला दुसरी जागा नव्हती. ती डोंगराच्या पायथ्याशी राहिली.

त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही राहिली. आजही कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत घराघरात एक वेगळी बोली बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीजमध्ये ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ, आणि भाषाही. शेवटचा स्वर झिजून त्याचे ‘लिंग’ झाले. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. जगात ही बोली बोलणारे मूळ गाव हे एकच.

ही मोडकी पोर्तुगीज आहे का? अनेकांना तसे वाटते. भाषाशास्त्र तसे म्हणत नाही. वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक एकत्र आले की कामापुरती एक मिश्र बोली तयार होते. पुढची पिढी तीच बोली घरात ऐकत वाढली, की ती भरते, तिचे स्वतःचे नियम घडतात. अशा भाषेला क्रिओल म्हणतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईच्या क्रिओलचा दीर्घ अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तिच्या जडणघडणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या बोलीतले बहुतेक शब्द पोर्तुगीज मुळाचे आहेत, पण वाक्याची चाल मराठीकडे झुकली आहे. पोर्तुगीज माणूस ‘मी खातो भात’ अशा क्रमाने बोलतो, आपण ‘मी भात खातो’ असे म्हणतो. कोर्लईची बोली हळूहळू आपल्या क्रमाकडे सरकली. क्रियापदांची गंमत तर वर्गात सांगण्यासारखी आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे शेवटानुसार तीन गट पडतात : आर्, एर् आणि इर्. कोर्लईत ‘र्’ गळून आ, ए, ई असे तीन गट उरले. मग शेजाऱ्यांकडून मराठी क्रियापदे येऊ लागली. ती बसवायची कुठे? बोलीने त्यांच्यासाठी ‘ऊ’ने संपणारा चौथा गटच काढला! पाहुण्यांसाठी घराला नवी खोली बांधावी तसे. नियम नसलेल्या भाषेला हे जमले नसते.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. पाव, बटाटा, चावी, साबण, बालदी, अननस, पगार हे शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले. कोर्लईने मराठी घेतली, मराठीने पोर्तुगीज घेतली. कोणी थोडे घेतले, कोणी पुष्कळ, फरक एवढाच.

ती टिकली कशी?

अशी बोली एकट्या कोर्लईतच होती असे नाही. मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातही ती होती. गोव्याचे विद्वान सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये तिच्यावर लिहिले. नंतर ती तेथून नाहीशी झाली. कोचीनजवळ वायपीन बेटावरच्या अशाच बोलीचा अखेरचा अस्खलित वक्ता २०१० मध्ये वारला. मग कोर्लईतच ती का उरली?

कारणे साधी आहेत. एक, भूगोल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. १९८० च्या दशकात खाडीवर पूल होईपर्यंत पलीकडे जायचे तर तरीची वाट पाहावी लागे. दोन, समाज. धर्माने ही मंडळी आसपासच्या हिंदूंपासून वेगळी, आणि जातीच्या उतरंडीत खालची मानलेली. त्यामुळे लग्ने आपापसातच होत. तीन, चर्च. गावच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू १९६० च्या दशकापर्यंत येत राहिले. घरातल्या बोलीला पोर्तुगीजचा आधार प्रार्थनेतून मिळत राहिला. त्यानंतर प्रार्थना मराठीत होऊ लागली.

ही कारणे पुन्हा वाचून पाहा. गैरसोय, वेगळेपणा आणि उपेक्षा. यांच्या सावलीत ही बोली जगली. पूल झाला, रस्ता झाला, शाळा झाली, मुंबईची नोकरी जवळ आली. हे सगळे व्हायलाच हवे होते. बोली टिकावी म्हणून माणसांनी तरीची वाट पाहत बसावे, असे कोणी म्हणणार नाही. पण मग आजवर एकटेपणाने सांभाळलेली बोली यापुढे कोण सांभाळणार?

हा प्रश्न शेवटी शाळेच्या दारात येतो. घरी नॉ लिंग बोलणारे मूल मराठी शाळेत पहिलीत बसते. त्याच्या तोंडून घरचा शब्द आला, की आपण शिक्षक काय करतो? ‘नीट बोल’ म्हणतो, की ‘अरे वा, तुमच्यात याला असे म्हणतात होय?’ असे विचारतो? पहिल्या उत्तराने मूल समजते, की घरची भाषा शाळेबाहेर ठेवायची वस्तू आहे. पुढे ते आपल्या मुलांशी ती बोलत नाही. भाषा मरते ती अशी, दोन पिढ्यांत आणि कोणाच्याही नकळत. कोर्लईला जे लागू आहे तेच कातकरी, भिल्ली, गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गालाही लागू आहे.

कोळ्यांचे गणित

कोर्लईचा दुसरा मोठा समाज कोळ्यांचा. किल्ल्यावरून दक्षिणेला पाहिले की किनाऱ्यावर ओळीने लागलेल्या रंगीत होड्या दिसतात, जवळच मासळी वाळत घातलेली असते. किल्ल्यांचे मालक बदलत गेले, पण मासे काही कोणाच्या तहाने बांधलेले नव्हते. कोळ्यांचे काम चालूच राहिले.

या कामामागे मोठे ज्ञान आहे. पाण्याची खोली ‘वावे’त मोजतात. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे अंतर, साधारण १.८ मीटर. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग. प्रवाहात उभे केलेले डोल जाळे उधाणाच्या जोरदार ओढीवर चांगले भरते, म्हणून मासेमारीचे वेळापत्रक वाराने न ठरता तिथीने ठरते.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली रीत तर पाढ्यांच्या तासाला घेण्यासारखी आहे. तिथीचा अंक घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा.

हे जमते कसे? चंद्राच्या एका फेऱ्यात तीस तिथी, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ चोवीस तास पुढे सरकते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. रीतीत ४८ ऐवजी ४५ मिनिटे, म्हणजे पाऊण तास धरला आहे, कारण पाऊणकी तोंडी करता येते. पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाची चूक साचते, ती पुढच्या प्रतिपदेला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले की निघून जाते. मुलांना वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळा महिनाभर लिहून ठेवायला सांगा आणि या रीतीशी ताडून पाहा. रीत कुठे चुकते आणि किती, हे शोधणे हीच खरी प्रयोगवही.

प्रकाशाचा पुरावा

कोर्लईचे दीपगृह डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी, समुद्रासमोर आहे. ते १९५५ मधले, म्हणजे स्वतंत्र भारताचे. याच किनाऱ्यावर उत्तरेकडे खांदेरीचे दीपगृह १८६७ पासून आणि मुंबईचे प्राँग्ज दीपगृह १८७५ पासून उभे आहे. दीपगृहाला पोर्तुगीजमध्ये ‘फारोल’ म्हणतात. हा शब्द अलेक्झांड्रियाजवळच्या फारोस बेटावरून आला, कारण प्राचीन जगातले सर्वांत प्रसिद्ध दीपगृह तेथे होते.

मुले हमखास विचारतील, “इतका उंच डोंगर असताना दिवा खाली का?” आधी उंचीचा हिशेब करू. पृथ्वी गोल असल्यामुळे ‘ह’ मीटर उंचीवरून क्षितिज किती दूर दिसेल, हे पायथागोरसच्या सिद्धान्ताने काढता येते. उत्तर येते सुमारे ३.५७ गुणिले ‘ह’चे वर्गमूळ, इतके किलोमीटर. समजा दिवा समुद्रापासून २० मीटर उंचीवर आहे, तर त्याचे क्षितिज १६ किलोमीटरवर. होडीत उभ्या माणसाचे डोळे पाण्यापासून २ मीटर उंच धरले, तर त्याचे क्षितिज ५ किलोमीटर. दोन्ही मिळून २१ किलोमीटरवरून त्याला दिवा दिसू लागेल. आता दिव्याचे अंतर दुप्पट करायचे तर उंची चौपट, म्हणजे ८० मीटर करावी लागते. वर्गमुळाचा हा धडा फळ्यावरच्यापेक्षा किनाऱ्यावर लवकर समजतो.

म्हणजे उंच ते चांगले? नेहमीच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप पॉइंटला १८६० च्या सुमारास समुद्रापासून २३८ मीटर उंचीवर दिवा लावला. पुष्कळ वेळा तो ढगधुक्यात गडप होई. १९११ मध्ये लुसितानिया नावाचे पोर्तुगीज जहाज त्याच्याजवळच खडकावर आपटले. शेवटी १९१९ मध्ये ८७ मीटर उंचीवर नवा दिवा सुरू झाला. दिवा दूरवर दिसायला हवा, आणि वाईट हवेतही दिसायला हवा. या दोन गरजांचा मेळ घालूनच जागा ठरते.

उंचीनंतर प्रश्न भिंगाचा. दिव्याचा उजेड चहूकडे पसरतो, वर आकाशातही जातो, तो वाया जातो. मोठ्या बहिर्गोल भिंगाने तो वळवता येईल, पण तेवढे भिंग अतिशय जाड आणि जड होईल. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टीन फ्रेनेल याने ओळखले, की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, मधली जाडी निरुपयोगी असते. त्याने जाडी काढून टाकली आणि लोलकांची कडी एकाभोवती एक बसवली. असे भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहावर प्रथम बसवले गेले. पुस्तकाचे पान मोठे दाखवणारा प्लॅस्टिकचा चपटा तुकडा मिळतो, तो फ्रेनेलचेच भिंग. त्यावरून बोट फिरवले की कडी हाताला लागतात.

आणि दिवा दिसला तरी तो कोणता, हे कसे कळणार? त्यासाठी प्रत्येक दीपगृहाला ठरलेली लय असते. किती सेकंदांनी किती झोत, हे छापील यादीत दिलेले असते. अंधारात खलाशी झोत मोजतो आणि कोणत्या किनाऱ्यावर आलो ते ओळखतो. लयीवरून ओळखायचे म्हटल्यावर तीही एक भाषाच झाली. मुलांना सूर्यास्तानंतर थांबवून दुरून सेकंदकाट्यावर ही लय मोजायला लावावी.

आता जहाजांवर उपग्रहाने जागा दाखवणारी यंत्रे आहेत, अनेक मासेमारी नौकांवरही आहेत. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला, त्याच्या नावात ‘दीपगृह’ हा शब्दही उरला नाही, ‘सागरी नौकानयनाची साधने’ असे व्यापक नाव आले. तरी दिवे विझवलेले नाहीत, कारण यंत्र बंद पडू शकते. १९२७ च्या कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दीपगृहांचा खर्च बंदरात येणाऱ्या जहाजांच्या करातून निघे, पण पन्नास टनांहून लहान नौकांना करमाफी होती. कोळ्याची होडी पैसे देत नाही म्हणून झोत तिच्यावरून वळून जात नाही.

आपल्या वर्गासाठी

तिन्ही पुरावे शेजारी शेजारी ठेवले तर काय दिसते? किल्ला दगडाचा, सर्वांत भक्कम, पण त्याचे काम संपले आणि तो ढासळतो आहे. बोलीला ना तट ना दप्तर, तरी जवळजवळ तीनशे वर्षे ती चालली, कारण रोज कोणीतरी ती मुलाशी बोलत राहिले. दिवाही रोज कोणीतरी राखतो म्हणूनच लागतो.

सहल कोर्लईला नेता आली तर उत्तमच. किल्ल्यावर पावसाळ्यात नेऊ नये, तट पडके आहेत. दीपगृह पाहण्याच्या ठरलेल्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. गावात बोली ऐकायची असेल तर ती माणसे प्रदर्शनातली नाहीत, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे. पाच शब्द विचारावेत, आपले पाच सांगावेत.

आणि कोर्लईला जाणे शक्य नसेल तरी बिघडत नाही. आपल्या गावाच्या परिसरात घरी वेगळी बोली बोलणारी मुले कोण, तिथीने किंवा नक्षत्राने हिशेब करणारी माणसे कोण, त्यांचे शब्द कोणते, हे मुलांनी वहीत लिहून आणावे. एकच पथ्य पाळावे : ‘बरोबर शब्द’ आणि ‘चुकीचा शब्द’ असे दोन रकाने करू नयेत. ‘घरचा शब्द’ आणि ‘शाळेचा शब्द’ असे करावेत. आपल्या वर्गात काय सापडले, ते आम्हाला जरूर कळवा.